साठाचे अठ्ठावन्न

९ फेब्रुवारी

चिरंजीव,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला आश्चर्य वाटलं असेल. लिहिताना मलाही वाटतंय. सात वर्षांत आपण एकमेकांशी जे काही बोललो ते तुझ्या आईमार्फत, आणि तिनं ते दोन्हीकडे इमानेइतबारे पोचवलं. फोनवर तू 'ते कसे आहेत?' असं विचारतोस, हेही पोचवलं. 'ते' बरे आहेत. निवृत्त झाल्यापासून सकाळी चालायला जातात, आणि सेमिस्टरच्या शेवटी परीक्षेचं काम आलं की दोन आठवडे माणसात असतात.

कामाचं लिहितो. तुझ्या खोलीतल्या कपाटात शेवटच्या वर्षाची पुस्तकं आहेत. आईला तिथं शिलाईमशीन ठेवायचंय. पुस्तकं ठेवायची, कुणाला द्यायची की रद्दीत घालायची, ते कळव. मशीन डिझाइनचं पुस्तक माझं होतं, ते मी काढून घेतलंय.

लिफ्ट तपासनीसाच्या जागा निघाल्यात, असं आईनं पेपरात वाचलं आणि तुला फोन केला. कंपन्या लिफ्ट बसवणार, तपासनीस जाऊन गणितं आणि काम तपासणार, सही करणार, मग लिफ्ट चालू होणार. सरकारी नोकरी, घरापासून दोन तासांवर. पाच वर्षांचा अनुभव मागितलाय, तुला सात वर्षांचा आहे. पदवीला दहापैकी किमान सहा पॉइंट मागितलेत, तुला पाच पूर्णांक अठ्ठ्याण्णव आहेत. 'तिथंच घोडं अडतं,' असं तू आईला म्हणालास. मुदत एकतीस मार्चपर्यंत आहे.

यावर मला काही म्हणायचं नाही. पुस्तकांचं तेवढं कळव.

बाबा


१७ फेब्रुवारी

चिरंजीव,

'रद्दीत घाला,' असं तू आईला सांगितलंस. घातली नाहीत. शिलाईमशीन सध्या माझ्या टेबलाशेजारी आहे आणि ती शिवायला बसली की माझा पेन हलतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

वेळ जात नाही म्हणून एक उद्योग केला. इंजिनियरच्या नोकरीत मार्कांना किती किंमत असते, हे मी तेहतीस वर्षं वर्गात ठणकावून सांगितलं, पण कधी तपासून पाहिलं नव्हतं. म्हणून आधी कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्याकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. शेवटच्या बाकावर झोपायचा, आता त्याच्या टेबलावर दोन फोन आहेत आणि दोन्ही वाजतात.

"सर, खरं सांगू का," तो म्हणाला, "एका कंपनीला सहाशे फॉर्म जातात. त्यांची माणसं येतात दोन, आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असतं. सहाशे पोरं कोण बघत बसणार? मग सहाची चाळणी लावतात."

"सहाचीच का?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, सातची लावली तर कुणी उरत नाही, आणि पाचची लावली तर जेवायला वेळ मिळत नाही."

मग अकरा जुन्या विद्यार्थ्यांना गाठलं. नवाच्या वर असलेली एक मुलगी पुलांची डिझाइनं करते आणि उत्तम करते. नवाच्याच वर असलेला एक मुलगा तीन नोकऱ्या सोडून घरी बसलाय, कारण साहेब चुकला की तो साहेबाला सांगतो, आणि साहेब चुकतोच. साडेपाचवाला एका कारखान्यात चाळीस माणसांवर आहे. त्याला विचारलं, माणसं घेताना मार्क बघतोस का रे? म्हणाला, "बघतो ना सर. सहाच्या खालचा घेतच नाही." मी म्हटलं, तुझे किती होते? म्हणाला, "म्हणूनच तर घेत नाही."

माझा निष्कर्ष असा. पहिल्या दारावर मार्क म्हणजे सगळं काही. आत गेल्यावर दोन वर्षांनी कुणी विचारत नाही, काम येतं का एवढंच बघतात. पण पहिलं दार कुठलं मिळालं, यावर पुढची दारं ठरतात. शिवाय सरकारी फॉर्म कधी काही विसरत नाही, तुला पन्नाशीतही तो रकाना भरावा लागेल.

तुझ्या वेळी कंपन्या निकालानंतर आल्या होत्या. तू हॉलच्या बाहेर उभा होतास, मी वर दुसऱ्या मजल्यावर होतो. शिपाई यादी बघून एकेकाला आत सोडत होता. तुझं नाव यादीत नाही, हे तुला माहीत होतं. तरी तू दुपारपर्यंत का थांबलास, हे मी कधी विचारलं नाही.

बाबा


२५ फेब्रुवारी

चिरंजीव,

पत्रं मिळतात, असं तू आईला सांगितलंस. वाचतोस का, हे तिनं विचारलं नाही. ती हुशार आहे.

आपलं बिनसलं त्याची हकीकत घरात अशी सांगितली जाते: कंपनीच्या यादीतून नाव गळलं म्हणून मुलगा बापाला म्हणाला, प्लेसमेंटवाल्याशी बोला, तुमचा विद्यार्थी आहे, तुमचा शब्द मोडणार नाही. बाप म्हणाला, मी आयुष्यात कुणासाठी शब्द टाकला नाही, तुझ्यासाठीही टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा एक बॅग घेऊन गेला आणि एका लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिकच्या हाताखाली लागला. ऐकणारे मान डोलावतात. बाप कसा बाणेदार, असंही एकदोघं म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही.

हकीकत खोटी नाही, पण अर्धी आहे. शब्द टाकायचं तू अगदी शेवटी म्हणालास, दारात, रागाच्या भरात. त्याआधी तासभर तू माझ्यासमोर मशीन डिझाइनची प्रश्नपत्रिका घेऊन बसला होतास.

"बाबा, हा चौथा प्रश्न एकदा सोडवून दाखवा ना."

मी म्हटलं, "निकाल लागल्यावर पेपर सोडवून काय उपयोग?"

"मला फक्त माझं कुठं चुकलं ते बघायचंय."

मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो. तू तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "दोन शतांशांनी हुकलास. चर्चा कसली त्यात? नियम म्हणजे नियम." मग तुझा आवाज चढला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

चौथा प्रश्न असा होता: एका तुळईवर मशीन बसवलंय, मधोमध नाही, एका बाजूला. तुळई किती वाकेल ते काढा. तो सोडवायला मला सहा मिनिटं लागतात. त्या दिवशी मला कुठंही जायचं नव्हतं.

बाबा


४ मार्च

चिरंजीव,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. आता खाडाखोड न करता लिहितो.

तुमच्या मशीन डिझाइनचे पेपर मी तपासले नव्हते, माझ्या जोडीच्या सरांनी तपासले होते. मुलगा त्याच वर्षाला असल्यामुळे मी ते काम घेतलं नाही, आणि तसं सगळ्यांना दोनदोनदा सांगितलंही. पण विभागप्रमुख म्हणून मॉडरेटर मीच होतो. मॉडरेटरनं दर दहावा पेपर पुन्हा बघायचा आणि ग्रेडच्या काठावरचे सगळे बघायचे, अशी पद्धत आहे. पेपरवर नाव नसतं, कोड असतो. अक्षर ओळखीचं निघालं, नात्यातलं निघालं, तर पेपर न बघता बाजूला ठेवायचा आणि परीक्षा विभागाला कळवायचं. नियम क्रमांक सतरा. तो मीच लिहिलाय.

साठ मार्कांचा एक पेपर समोर आला. बरोबर काठावर. साठला वरची ग्रेड, एकोणसाठला खालची. पहिल्या पानावरच अक्षर ओळखलं. तुला मीच गिरवायला बसवलं होतं, मला ओळखायला किती वेळ लागणार?

आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "सरांचं पोरगं काठावर असलं म्हणून काय झालं? काठ घरचाच आहे." सगळे हसले. पोरं मला 'अर्धा मार्क' म्हणायची, कारण तेवढाही मी कुणाला सोडला नाही, हे तुला ठाऊक आहे. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग वागतं. मला ते उलटं करून दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं? खोलीत मी एकटाच होतो.

मी पेपर बाजूला ठेवला नाही. चौथ्या प्रश्नाच्या बाराचे दहा केले, लाल शाईनं 'पायऱ्या अपुऱ्या' असं लिहिलं, आणि रजिस्टरमध्ये साठाचे अठ्ठावन्न करून सही केली. दोन मार्क गेले म्हणून ग्रेड उतरली, ग्रेड उतरली म्हणून चार वर्षांची सरासरी सहा पूर्णांक एक शतांशावरून पाच पूर्णांक अठ्ठ्याण्णववर आली. ही सरासरी मी त्या दिवशी काढून पाहिली नव्हती. यादी लागली तेव्हा काढली.

दोन मार्क कुठल्याही पेपरात कापता येतात, शोधणारा हवा. नियमाप्रमाणे मला त्या पेपराला हात लावायचा अधिकार नव्हता. मी नियम मोडला, आणि वर तुला नियम ऐकवला. माझा गुन्हा एवढा आहे.

परीक्षा विभागात जाऊन मी हे लेखी देणार आहे. निर्णय लवकर झाला तर तुझा फॉर्म मुदतीत जाईल.

बाबा


१३ मार्च

चिरंजीव,

आधी तुझ्या आईला सांगितलं. ती शिवत होती. मशीन थांबलं.

"अहो, स्वतःच्या पोराला कापलंत, आणि सात वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो. "आणि मी त्याला दर आठवड्याला फोनवर सांगायची, अरे, तुझे बाबा तत्त्वाचे आहेत, समजून घे." त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मध्ये निरोप पोचवायला कुणी नसलं की घरात किती शांतता असते, ते कळलं.

परीक्षा विभागात आता एक बाई आहेत. मला ओळखतात. मी काय मागतोय ते त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

"सर, मॉडरेटरनं चूक कबूल करायचा फॉर्म?" त्या म्हणाल्या. "छापलेला आहे खरा. पण आजवर कुणी नेला नाही हो." खालच्या खणातून गठ्ठा काढला, वरचे दोन कागद पिवळे पडले होते, तिसरा मला दिला. फॉर्मवर 'चुकीचे कारण' या रकान्याला एकच ओळ आहे. मी मागची बाजू वापरली.

उत्तरपत्रिका तीन वर्षांनी रद्दीत जातात, रजिस्टर मात्र राहतं. बाईंनी ते शोधलं. माझी सही होती, साठावर काट होती. मग कोड कुणाचा हे पाहायला त्यांनी तुझी फाइल काढली आणि थांबल्या.

"सर, यानं छायाप्रत घेतली होती की."

उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी तुझा अर्ज. खाली 'मिळाली', तुझी सही आणि तारीख. आपण भांडलो त्या संध्याकाळच्या दोन दिवस आधीची. सोबत पुनर्तपासणीचा कोरा फॉर्म लावलेला, न भरलेला.

म्हणजे तू लाल शाई पाहिली होतीस. माझं अक्षर तुलाही ओळखता येतं. तू तक्रार केली असतीस तर चौकशी झाली असती, नियम सतरा निघाला असता, आणि निवृत्तीला चार वर्षं राहिलेली असताना माझी शोभा झाली असती. तू ती होऊ दिली नाहीस. मला वाचवायला गप्प राहिलास, आणि घरी येऊन मला स्वतःहून बोलायची संधी दिलीस. मी वर्तमानपत्र धरून बसलो.

बाईंनी पाणी दिलं. मी विद्यार्थ्यांसमोर कधी रडलो नाही, पण त्या माझ्या विद्यार्थिनी नाहीत.

समितीची बैठक अठराला आहे.

बाबा


२३ मार्च

चिरंजीव,

समितीत पाच जण होते, त्यातले तिघं माझ्या हाताखालून गेलेले. मला उभं राहून बोलावं लागलं. ज्याला मी एकदा अर्ध्या मार्कानं नापास केलं होतं तो अध्यक्ष होता, आणि त्यानं फार सभ्यपणे विचारलं, "सर, आपल्याला यावर आणखी काही सांगायचंय?" मी नाही म्हटलं.

निर्णय असा. मॉडरेटरला अधिकार नसताना बदल झाला म्हणून तो रद्द, मूळचे साठ कायम. सरासरी सहा पूर्णांक शून्य एक. मला यापुढे परीक्षेचं कुठलंही काम नाही. दुसरा भाग ऐकताना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागला, तुला खोटं कशाला सांगू?

आईनं तुला फोनवर सांगितलंच आहे. नवं मार्कपत्रक सोबत आहे. पाकीट हातोहात पोचवणाऱ्याकडे दिलंय, उद्या मिळेल. फॉर्मला आठ दिवस उरलेत. भरायचा की नाही, ते तू ठरव.

बाबा


२९ मार्च

चिरंजीव,

काल तुझा फोन आला तेव्हा आई बाजारात गेली होती. मी तुला सांगितलं, ती तासाभरात येईल. तू म्हणालास, "तुमच्याशीच बोलायचंय." त्यानंतर जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवतोय, कारण फोनवर मला नीट उत्तरं देता आली नाहीत.

मी विचारलं, मार्कपत्रक मिळालं का. मिळालं. फॉर्म भरलास का. नाही.

"का रे? आता तर सहाच्या वर आहेत."

तू म्हणालास, "बाबा, सगळी पत्रं वाचली. प्रत्येक पत्रात नियम आहे. चौथा प्रश्न कुठंच नाही."

मला कळेना. मी म्हटलं, लिहिलंय की सगळं, मी कापायला नको होते, मला अधिकार नव्हता.

"ते कळलं. माझी पद्धत बरोबर होती का?"

मग तू सांगितलंस. छायाप्रत पाहिलीस, माझं अक्षर ओळखलंस, आणि मला वाचवायचं वगैरे तुझ्या मनातही आलं नाही. तुला वाटलं, बाबांनी कापलेत म्हणजे चुकलंच असणार. ते अर्धा मार्कसुद्धा उगाच कापत नाहीत. रात्रंदिवस शोधलंस, चूक सापडेना. म्हणून प्रश्नपत्रिका घेऊन माझ्यासमोर बसलास. तुझं कुठं चुकलं, एवढंच तुला हवं होतं, आणि मी तुला दोन शतांश सांगितले.

"लिफ्टचं मशीन वर तुळईवरच बसतं, बाबा," तू म्हणालास. "प्रत्येक इमारतीत तेच गणित. मी त्याच पद्धतीनं काढतो, कारण मला तीच सुचते. पण सही कधी केली नाही. दुसऱ्याकडून तपासून घेतो, तो करतो. दोनदा बढती आली. सही करावी लागणार होती म्हणून नको म्हटलं. तपासनीसाचं आईनं सांगितलं तेव्हा पाच अठ्ठ्याण्णव आहेत याचं बरंच वाटलं. फॉर्मच भरता येणार नव्हता."

मी अकरा जणांना गाठून मार्कांची किंमत काढली होती. नोकरीचं दार, चाळणी, सरासरी, सगळं त्यात होतं. एक माणूस सात वर्षं बरोबर गणितं करतो आणि ती चूक आहेत असं समजतो, हे त्यात नव्हतं.

मी म्हणालो ते पुन्हा लिहितो, म्हणजे कागदावर राहील. तुझी पद्धत बरोबर होती. उत्तर बरोबर होतं, पायऱ्या पुरेशा होत्या. मी वर्गात शिकवायचो त्याहून ती पद्धत दोन ओळींनी छोटी होती, आणि तशीच लिहिणाऱ्या दुसऱ्या दोघांना मी त्याच दिवशी बाराला बारा ठेवले होते. तुझं काही चुकलं नव्हतं. तेव्हाच कळत होतं मला, आणि मी तुला सांगितलं नाही. नियम मोडल्याची लाज मला सात वर्षं होती. ही लाज त्याहून मोठी आहे, आणि ती कालची आहे.

मागे तुझ्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी काहीतरी ठोकत होतं. मग म्हणालास, "फॉर्म आज भरतो." मी बरं म्हटलं. "आणि सोमवारी एका नव्या इमारतीचं गणित द्यायचंय. तुळईचंच. या वेळी सही मीच करणार."

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "पाठव इकडे. एकदा नजर टाकतो."

"नको, बाबा," तू म्हणालास. "मी तपासलंय."

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. मला पेपर दाखवायला आजवर कुणी नकार दिला नव्हता. आई आली, काय म्हणाला विचारू लागली, मी म्हटलं, फॉर्म भरतोय. ती देवासमोर जाऊन उभी राहिली आणि मी चहाला आधण ठेवलं.

सोमवारी सही केलीस का, हे मी तिला विचारायला लावणार नाही. हे पत्र पोचेपर्यंत केलीच असशील.

बाबा